चार सेकंदांची पोच

माझ्या धाकट्या भावाला मी पुलाबद्दल काही सांगितलं नाही, कारण कायद्याप्रमाणे ते त्याला आधीच कळलेलं होतं. हे आता लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण त्या दिवसांत आमच्या कार्यालयात हे वाक्य कुणालाही विचित्र वाटलं नसतं.

मी हेमांगी कोयंडे. पूल विभागाच्या जिल्हा कार्यालयात निविदा शाखा सांभाळत होते. माझं काम जाहिरात काढण्याचं: अमुक खाडीवर पूल बांधायचा आहे, कंत्राटदारांनी अर्ज करावेत, लोकांना काही म्हणायचं असेल तर म्हणावं. मी नोकरीला लागले तेव्हा ही जाहिरात दोन वर्तमानपत्रांत यायची आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागायची. वर्तमानपत्र असं शोधून काढलं जायचं की त्या तालुक्यात ते कुणी घेत नसे. फळ्यावरची प्रत दुसऱ्या दिवशी लसीकरणाच्या कागदाखाली जायची. मग खांब उभे राहिले की लोक मोर्चा घेऊन यायचे, आम्हाला काही कळलंच नाही म्हणायचे, आणि ते खरं असायचं.

म्हणून पोच कायदा आला. जाहिरात छापली एवढ्याने भागणार नाही, ती ज्याच्यासाठी आहे त्याच्या डोळ्यांखालून गेली पाहिजे आणि तसं सिद्ध झालं पाहिजे, असा तो कायदा. सिद्ध करायचं ते मोबाइलने. मोबाइलमधून आपल्याला न दिसणारा मंद प्रकाश बुबुळावर पडतो, त्याची चमक समोरच्या कॅमेऱ्यात परत येते, आणि त्या चमकेच्या जागेवरून माणूस पडद्यावर नेमकं कुठे बघतोय हे कळतं. साबण आणि बिस्किटं विकणाऱ्यांनी हे तंत्र आधीच घासूनपुसून तयार ठेवलं होतं, सरकारने ते उचललं. जाहिरातीचा गोषवारा एका पट्टीत येई. त्या पट्टीवर नजर चार सेकंद टिकली की त्या माणसाला पोच झाली. बाधित भागातल्या ऐंशी टक्के प्रौढांना पोच झाली की जाहिरात वैध. जाहिरात एकूण एकवीस दिवस खुली, त्यात हरकत घ्यायला प्रत्येकाला त्याच्या पोचेपासून सात दिवस, त्यानंतर त्याची संमती धरायची.

चार सेकंद कुणी ठरवले मला माहीत नाही. आमची पूर्ण जाहिरात मी एकदा घड्याळ लावून वाचली होती, अकरा मिनिटं लागली. पण बघितल्याचं मोजता येतं, समजल्याचं मोजता येत नाही, त्यामुळे जे मोजता येतं तेच कायद्यात बसलं.

कुणाला, कधी, कुठल्या पट्टीत दाखवायचं हे एक यंत्रणा ठरवायची. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं, आम्ही तिला दवंडीवाला म्हणायचो. दवंडीवाला हुशार होता. प्रत्येक जाहिरातीतून तो शिकायचा आणि पुढच्या वेळी जास्त लोकांपर्यंत जायचा. आम्ही खूश होतो. मोर्चे बंद झाले. हरकतीही जवळजवळ बंद झाल्या, आणि लोक समाधानी आहेत असं आम्ही वार्षिक अहवालात लिहिलं. तो परिच्छेद माझाच आहे.

आडबावच्या पुलाची जाहिरात निघाली ती एका मंगळवारी. आडबाव माझं गाव. खाडीच्या आत, मुखापासून दोनेक किलोमीटरवर आमची वाडी, आणि वाडीपुढे जेटी. पूल मुखाजवळ व्हायचा होता.

हे काम आराखडा आणि बांधकाम एकत्र अशा पद्धतीचं होतं. पूर्वी पूल कसा दिसणार ते सरकार काढायचं, नकाशा भिंतीवर लागायचा, लोक त्यावर बोट ठेवून भांडायचे. आता जो कंत्राटदार निवडला जाईल तोच नकाशा काढतो आणि तोच बांधतो. त्यात वेळ वाचतो, हे खरं आहे. पण मग जाहिरात निघते तेव्हा भांडायला नकाशाच नसतो. असतात ते आकडे: रुंदी इतकी, भार इतका, पाण्यापासून उंची कमीत कमी इतकी. करारावर सही झाली की त्या आकड्यांतून पूल उभा राहतो, आणि कुठलाही शहाणा कंत्राटदार कमीत कमीच्या वर वीतभरही जात नाही. बोलायचं तर त्या आकड्यावरच, आणि त्या सात दिवसांतच.

आणि आकडा मी लिहिला होता. म्हणजे लिहिला नव्हता, उतरवला होता. आमच्याकडे नवा मसुदा कुणी कोऱ्या कागदावर करत नाही. शेजारच्या खाडीची मागची नस्ती, म्हणजे फाइल, काढायची, नाव बदलायचं, तारीख बदलायची. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात आणि मी कितीतरी जणांना ते शिकवलं आहे. त्या नस्तीत सर्वोच्च भरतीपासून साडेसहा मीटर होते. मी ते तसेच ठेवले, सबनीस साहेबांनी सही केली.

सोळाव्या दिवशी दिगंबरने मला फोटो पाठवला. दिगंबर म्हणजे माझा हा भाऊ. त्याच्या बोटीवर ताठ शीड बसलं होतं. विमानाचा पंख उभा करून ठेवावा तसं दिसणारं हे शीड कापडाचं नसतं, वाऱ्याप्रमाणे आपोआप वळतं आणि डिझेल निम्म्याने वाचवतं. ते कण्याला पक्कं बसवलेलं असतं, त्यामुळे घडी होत नाही की खाली घेता येत नाही. वाडीतल्या चौतीस बोटींवर गेल्या दोन वर्षांत ती बसली होती आणि दिगंबर शेवटचा राहिला होता. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, "अकरा मीटर. नारळ फोडूक ये."

मी तो फोटो बघत बसले. अकरा मीटर. आणि माझ्या मसुद्यात साडेसहा.

मी आडबावच्या पोचेची नोंद उघडली. ब्याण्णव टक्के. दिगंबर कोयंडे: पहिला दिवस, सकाळी पाच वाजून बारा मिनिटं, वारा-भरतीच्या फलकाखालील पट्टी, चार पूर्णांक तीन सेकंद. खालची सगळी नावं तशीच. पाच दहा, पाच सतरा, पाच वीस. समुद्रावर जायच्या आधी प्रत्येक मच्छीमार वाऱ्याचा फलक उघडतो, वारा बघतो आणि मग जावं की न जावं असा विचार करत थांबतो. विचार करताना त्याची नजर पडद्याच्या तळाशी कुठेतरी टेकलेली असते, बघत असते पण वाचत नसते. दवंडीवाल्याने नेमकी तीच जागा हेरली होती. मासळी विकणाऱ्या बायकांना त्याने लिलावाचा दर बदलायच्या क्षणी गाठलं होतं. शिक्षकांना हजेरीचा पडदा उघडेपर्यंतच्या कंटाळ्यात.

त्याला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. आम्ही त्याला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: पोच जास्तीत जास्त, आणि विलंब कमीत कमी. हरकत आली की विलंब होतो. म्हणून त्याने असे क्षण शोधले ज्यात माणूस बघतो पण हरकत घेत नाही. जाहिरात पाठवताना ‘विलंब कमीत कमी’ या चौकटीत खूण करायची की नाही हे शाखाप्रमुखाच्या मर्जीवर होतं. मी सहा वर्षं प्रत्येक जाहिरातीला ती खूण करत आले होते, चहा पिता पिता.

दुसऱ्या दिवशी मी सबनीस साहेबांकडे गेले आणि शुद्धिपत्रक काढू या म्हणाले.

"हरकत कुणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"कुणाचीच नाही."

"मग?"

मी शिडांचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. खाडीपलीकडच्या तांबळवाडीहून दवाखान्यात यायला रुग्णवाहिकेला अडतीस किलोमीटरचा वळसा पडतो, आणि हा पूल व्हावा म्हणून साहेबांनी पाच वर्षं मंत्रालयात खेटे घातले होते.

"शुद्धिपत्रक काढलं की एकवीस दिवस पहिल्यापासून मोजायचे," ते म्हणाले. "या महिनाअखेर मंजुरी संपते. मग हा पूल दुसऱ्या जिल्ह्यात जाईल आणि तांबळवाडीची माणसं वळसाच घालतील. ते तुम्ही त्यांना सांगाल का? आणि लोकांच्या बाजूने म्हणत असाल, तर ब्याण्णव टक्क्यांनी बघितलंय. सगळ्यांचे सात दिवस संपलेत. आता ज्याला पोच झालेलीच नाही असा माणूस उभा राहिला तरच काही होईल."

"साहेब, त्यांनी वाचलेलं नाही."

"कोयंडे मॅडम, मीही सगळं वाचून सही करत नाही," ते म्हणाले. "तुमच्या मसुद्यावर विश्वास ठेवून करतो."

मी पोच न झालेल्यांची यादी छापून घेतली आणि रजा टाकून दुपारच्या एसटीने आडबावला गेले.

दिगंबर जेटीवर होता. नवं शीड पांढरंशुभ्र उभं होतं, त्याच्या टोकाकडे बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागत होती. मला बघून तो उडी मारून खाली आला.

"इलंस? नारळ उद्या फोडूया म्हटलेलंय. सांगान येवचा मा."

"दिगू, तुका पुलाची नोटीस गावली काय रे?"

"कसली नोटीस?"

मी मोबाइलवर नोंद उघडून त्याच्यापुढे धरली. त्याने स्वतःचं नाव वाचलं, तारीख वाचली, मग खालची ओळ.

"त्या दिवशी दक्षिणेचो वारो होतो," तो सावकाश म्हणाला. "जावचा काय नाय, ह्याच बघी होतंय. अर्धी बोटा गेली नाय त्या दिवशी." मग त्याने पुलाच्या उंचीचा आकडा बघितला. साडेसहा. त्याने एकदा शिडाकडे बघितलं आणि एकदा मुखाकडे. हिशेब करायला त्याला चार सेकंदही लागले नाहीत.

"म्हणजे आमी आत अडाकलंव."

"होय."

"आणि ह्या तुका कधीपासून म्हायत?"

मी सांगितलं. आकडा चुकल्याचं काल कळलं, पण जाहिरात माझ्याच हातून निघाली, सोळा दिवसांपूर्वी.

मला वाटलं होतं तो सरकारवर चिडेल, कंत्राटदाराला शिव्या घालील. मी त्याची तयारी करून आले होते.

"मधी दोन आयतवार गेले," तो म्हणाला. "दोनय आयतवारी तुझो फोन इलो. बांगड्याचा विचारलंस, वैजूच्या गुडघ्याचा विचारलंस. पुलाचा अवाक्षर काढलंस नाय."

"माका वाटला तुका पोचलीसा."

"पोचली म्हणान तू सांगूचा नाय?"

पूर्वी मी सांगितलं असतं. माझ्या सहीने गावात काही व्हायचं असेल तर सगळ्यांत आधी मी दिगंबरला फोन केला असता, आकडा सांगितला असता, आणि त्याने तिथल्या तिथे म्हटलं असतं की ताय, ह्या चुकीचा आसा. एका मिनिटाचं काम. पण सगळ्यांना सगळं पोचवणारा आल्यापासून आम्ही एकमेकांना सांगणंच सोडून दिलं होतं, आणि ते सुटलंय हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला तिथे जेटीवर रडू आलं. दिगंबरने ते बघून न बघितल्यासारखं केलं.

घरी वैजूने, म्हणजे दिगंबरच्या बायकोने, वैजयंतीने, ती यादी मागून घेतली आणि चष्मा लावून एकेक नाव बोटाने वाचत गेली. तिचं माहेर तांबळवाडीचं. तिची आई तिथे अंथरुणावर होती. यादीतले बहुतेक लोक परदेशी जहाजांवर, महिनोन् महिने संपर्काबाहेर असलेले, दोघे वारलेले, एक कोमात. मी ती सकाळीच चाळली होती आणि निरुपयोगी म्हणून सोडली होती.

"वन्सं," ती म्हणाली, "ह्यात तुमचा नाव आसा."

मी बघितलं. हेमांगी कोयंडे, घर क्रमांक सतरा. लग्न मी केलं नाही, आणि वडिलांच्या पश्चात घर दोघांच्या नावावर राहिलं होतं. माझ्या मनात ते दिगंबरचंच घर असल्याने मला कधी ते आठवतही नसे. दवंडीवाला जाहिरात काढणाऱ्या अधिकाऱ्याला ती दाखवत नाही. त्यामुळे आडबावमध्ये पोच न झालेली, जिवंत आणि शुद्धीवर असलेली एकच प्रौढ व्यक्ती होती, आणि ती मी.

याचा अर्थ मला लगेच कळला. बाधित गावात घर असताना ते जाहीर न करता मी ती निविदा हाताळली होती. हरकत घेतली की ते माझ्याच सहीने उघड होणार.

"पूल माका व्हयो हा," वैजयंती म्हणाली. "आये पलीकडे आसा. रुग्णवाहिका येयसर माझो जीव जाता. पण ही सगळी बोटा आत कुजली तर आमी खावचा काय?" आणि तिने यादीची घडी करून माझ्या हातात दिली.

मी दिगंबरकडे बघितलं. मला वाटत होतं त्याने कर म्हणावं, किंवा नोकरी जाईल, करू नको म्हणावं. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं.

"मी सांगूचंय नाय," तो म्हणाला. "मगे तू म्हणशीत, भावान सांगल्यान म्हणान केलंय."

हरकतीचा अर्ज मी ओटीवर बसून भरला. हरकतदाराचं नाव हेमांगी कोयंडे. जाहिरात देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव हेमांगी कोयंडे. कारणाच्या रकान्यात मी एकच ओळ लिहिली, की चौतीस बोटींची शिडं अकरा मीटर आहेत आणि पूल साडेसहाचा आहे. ती ओळ एकदा वाचून बघितली. मग पाठवलं.

दवंडीवाला न्यायी निघाला. हरकत मुदतीत होती, ती त्याने तत्काळ दाखल केली आणि निविदा थांबवली. सुनावणीत उंची तेरा मीटर करायचं ठरलं. तोवर महिना संपला, मंजुरी गेली. पूल आता पुढच्या योजनेत होईल म्हणतात. सबनीस साहेब माझ्याशी शेवटपर्यंत नीट वागले, फक्त नजर मिळवली नाही. त्या पावसाळ्यात वैजयंतीच्या आईला दोनदा वळसा घालून न्यावं लागलं. वैजूने मला दोष दिला नाही, पण फोनही केला नाही. तांबळवाडीचे लोक जेटीवर येऊन दिगंबरला नको ते बोलून गेले. त्याला आतून काय वाटलं मला कळलं नाही, कारण त्याचेही फोन थांबले.

मला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. हितसंबंध लपवल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस येणार हे मला माहीत होतं. मी उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं, सहा पानांचं. त्यात आकडा उतरवल्याचं कबूल केलं होतं, विलंबाच्या चौकटीचं लिहिलं होतं, आणि वाऱ्याच्या फलकाखालच्या पट्टीचं सविस्तर लिहिलं होतं. हे एकदा नोंदीवर आलं असतं तर कुणीतरी ती चौकट काढून टाकण्याचा विचार केला असता. माझी नोकरी वाचली नसती तरी चाललं असतं, ती सहा पानं मला दाखल करायची होती. मी रोज पोस्टमनची वाट बघायचे. महिना होत आला, नोटीस आली नाही.

शेवटी मी कार्यालयात गेले. आस्थापना शाखेत मुणगेकर होते, माझ्याबरोबरच नोकरीला लागलेले.

"नोटीस कधी काढताय?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे चमकून बघितलं. "मॅडम, तुमची मुदत संपली. उत्तर नाही म्हणून आरोप मान्य धरलेत. आदेश सहीला गेलाय."

"मला नोटीस मिळालीच नाही."

"आता कर्मचाऱ्यांच्या नोटिसाही पोच कायद्याखाली आल्यात. परिपत्रक निघालं की." त्यांनी चाचरत पुढे सांगितलं, "ते परिपत्रकही तुम्हाला पोचलेलं दिसतंय."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. हेमांगी कोयंडे: नऊ तारीख, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं, व्हिडिओ कॉलखालील पट्टी, चार पूर्णांक एक सेकंद.

नऊ तारीख मला पाठ होती. दीड महिन्याने दिगंबरचा फोन आला होता तो दिवस. तो बोटीवर होता, पाठीमागे खाडीचं मुख दिसत होतं. बराच वेळ तो वाऱ्याचं, मासळीचं बोलत राहिला. मग एकदम म्हणाला, "ताय, घराक कधी येतंस?" मला भरून आलं होतं आणि ते त्याला दिसू नये म्हणून मी मान खाली घातली होती.

मुणगेकरांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. मी तो घेतला, त्यांचे आभार मानले आणि खाली आले. दिगंबरला फोन लावायला मोबाइल काढला, पण लावला नाही. बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला आणि स्टँडवर जाऊन आडबावची एसटी किती वाजता आहे ते खिडकीवर विचारलं. मला हे त्याला समोर बसून तोंडाने सांगायचं होतं.